त्याला कोळी म्हणायचं नाही

खारदांड्यात बसून आठ पायांच्या प्राण्याला 'कोळी' म्हणायचं नसतं, हे मला २००५ च्या जूनमध्ये कळलं. प्राणी बऱ्यापैकी मोठा होता. जुनाट चर्चच्या छतातून धप्पकन खाली यायचा, अंगातून लाव्हा गळायचा, तोंडातून आगीचे गोळे फेकायचा आणि मागे विंचवाची नांगी. "मारा त्या कोळ्याला!" असं मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, आणि त्या दहा बाय दहाच्या खोलीतली अकरा डोकी माझ्याकडे वळली. त्यातली नऊ दांड्याच्या कोळीवाड्यातली होती.

"कुणाला मारा?" मागून एकाने अगदी शांतपणे विचारलं.

मी म्हटलं, तो टीव्हीतला रे. आठ पाय आहेत ना त्याला.

"पाठ बघ त्याची. कवच आहे. चिंबोरी आहे ती."

"आमच्याकडे कुर्ली म्हणतात," मी तडजोडीच्या सुरात म्हणालो. आम्ही मूळचे मालवणकडचे. पण नऊ मतं विरुद्ध एक, त्यामुळे चिंबोरी बहुमताने मंजूर झाली. एवढं होईपर्यंत चिंबोरीने आमच्या हिरोला तुडवून टाकलं होतं, आणि माझे दहा रुपये गेले होते. ते कुणी परत दिले नाहीत.

कॅपकॉम या जपानी कंपनीने त्या प्राण्याचं नाव 'फँटम' ठेवलंय, हे मला कळायला वीस वर्षं लागली. गेमचं नाव 'डेव्हिल मे क्राय'. भुताटकीने झपाटलेलं बेट, बेटावर किल्ला, किल्ल्यात कळसूत्री बाहुल्यांपासून तीन डोळ्यांच्या सैतानापर्यंत सगळा परिवार, आणि या सगळ्यांना एकट्याने धुऊन काढणारा पांढऱ्या केसांचा, लांब कोट घातलेला एक आगाऊ तरुण. गेम जपानात आला २००१ च्या ऑगस्टमध्ये. आमच्या गल्लीत २००१ हे साल २००५ मध्ये आलं. आम्हाला वाटलं, जगात पहिल्यांदा आपणच बघतोय.

आमचं गेम पार्लर म्हणजे दांड्याच्या बाजाराकडे जाणाऱ्या गल्लीतल्या एका घराची पुढची खोली. चार टीव्ही, चार प्लेस्टेशन टू आणि एक पंखा, तोही मशिनांकडे तोंड करून. माणसांनी आपापलं बघावं. अर्ध्या तासाला दहा रुपये. मालकाला सगळे शेठ म्हणायचे. शेठकडे एक दोनशेपानी वही होती, तीत तो पेन्सिलीने वेळ लिहायचा आणि खोडरबराने आपल्या बाजूने दुरुस्त करायचा. खाऱ्या हवेने मशिनांचे स्क्रू असे गंजले होते की उघडायची सोय नव्हती. रिमोटच्या काडीवरचं रबर झिजून गेलं की शेठ त्यावर सायकलच्या व्हॉल्व्हची नळी चढवायचा. (कंट्रोलर हा शब्द आम्हाला ठाऊक होता, पण वापरायची लाज वाटायची.) सीडी लॅमिंग्टन रोडवरची, तिचं वेष्टण झेरॉक्स. सीडी अडकली की शेठ ती बाहेर काढून बनियनला पुसायचा, तोंडाने वाफ द्यायचा, परत पुसायचा. या पद्धतीने न चालणारी सीडी मी पाहिली नाही.

कोपऱ्यातला जो टीव्ही आमच्या वाट्याला यायचा, त्यातला लाल रंग मेलेला होता. परिणामी हिरोचा तो जगप्रसिद्ध लाल कोट आम्हाला दोन महिने शेवाळी दिसला. शत्रू मेला की त्याच्या अंगातून लाल मणी उडतात आणि ते गोळा करायचे असतात. आम्हाला ते काळपट दिसायचे, म्हणून आम्ही त्यांना करवंदं म्हणायचो. पहिल्याच मिशनमध्ये एक दार पंचेचाळीस मणी घेतल्याशिवाय उघडत नाही. "पंचेचाळीस करवंदं भर, मग आत ये," असं ते दार म्हणतंय, हे आम्हाला अजिबात विचित्र वाटलं नाही. युनियन पार्कच्या सोसायट्यांचे वॉचमन आम्हाला याहून जास्त प्रश्न विचारायचे.

सीझन पावसाळ्याचा. मासेमारी बंद, होड्या ताडपत्री पांघरून किनाऱ्यावर, आणि जाळी शिवायला बसलेल्या बापांच्या तावडीतून निसटलेली समस्त तरुण पिढी शेठकडे. उन्हाळ्यात वाळवलेले बोंबील आणि सुकट पोत्यांत भरून पार्लरच्याच माळ्यावर रचलेली. दमट हवेत तो वास खाली उतरून आमच्या खांद्यावर हात ठेवून बसायचा. त्यामुळे माझ्या मेंदूत गॉथिक स्थापत्य आणि सुके बोंबील यांची कायमची गाठ बसली. सीएसएमटीच्या टोकदार कमानी आणि भिंतीतून वाकून बघणारे ते दगडी प्राणी दिसले की लोकांना इतिहास आठवतो. मला भूक लागते. युनेस्कोने २००४ मध्ये त्या स्टेशनाला जागतिक वारसा म्हटलं, २०१८ मध्ये ओव्हल मैदानाच्या आसपासच्या गॉथिक इमारतींना म्हटलं. वासाची नोंद कुठेच नाही.

शेठची म्हातारी आई मागच्या खोलीत झोपलेली असायची, म्हणून चारही टीव्ही मुके. आवाज नाही म्हटल्यावर गोष्ट सांगायला माणूस लागतो. ते खातं बोंबीलकडे होतं. बोंबील म्हणजे मासा नव्हे, माझा मित्र. अंगाने तसा होता म्हणून नाव पडलं. खेळायचाही तोच सगळ्यांत भारी, आणि खेळता खेळता गोष्ट सांगायचा.

बोंबीलच्या म्हणण्याप्रमाणे हिरो मोठ्या घरचा होता. बाप वारलेला. मागे बापाची तलवार, आईचं गळ्यातलं आणि बेटावरचा हा वाडा. वाड्यात मधूनमधून एक काळ्या चिलखतातला गडी आडवा यायचा, तो दुसरा कुणी नसून हिरोचा सख्खा भाऊ. "सातबाऱ्यावर दोघांची नावं लागलीत ना, म्हणून." सगळ्यांच्या वर बसलेला तो तीन डोळ्यांचा पुतळ्यासारखा सैतान म्हणजे बिल्डर. त्याला वाडा पाडून टॉवर बांधायचाय. सुरुवातीलाच मोटरसायकलने दार फोडून आत येणारी आणि हिरोला गोड बोलून बेटावर नेणारी गोरी बाई? "बिल्डरची वकील."

आम्हाला हे सगळं पटलं. गल्लीत अशी तीन घरं होती.

प्रत्येक मिशन संपलं की पडद्यावर एक मोठं इंग्रजी अक्षर यायचं, आपण कसे खेळलो त्याचं. आम्हाला बहुतेक वेळा डी मिळायचा. दहावी-बारावी नुकतीच पार पडलेली, त्यामुळे डी म्हणजे डिस्टिंक्शन हे कुणी सांगायची गरज नव्हती. एकदा बोंबीलला चुकून एस मिळाला. एस म्हणजे सप्लिमेंटरी असणार, असं ठरून त्याची बरीच चेष्टा झाली. तो दिवसभर गप्प होता.

२५ जुलैच्या संध्याकाळी आम्ही एकविसाव्या मिशनवर होतो. एकूण मिशनं तेवीस. दुसऱ्या दिवशी मंगळवार, २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. मुंबईत त्या दिवशी माणसं गेली, घरं गेली, त्यात प्लेस्टेशनचं दुःख करायचं नसतं, म्हणून आम्ही उघड केलं नाही. शेठने मशिनं जमिनीवर ठेवलेली होती. मेमरी कार्डं चोरीला जाऊ नयेत म्हणून दोऱ्याने मशिनांनाच बांधलेली. पाणी ओसरल्यावर तो ती सगळी गॅलरीत उन्हात मांडून बसला होता, बोंबील वाळत घालावेत तशी. एकही वाळलं नाही. पुढे त्या खोलीत मोबाइल रिचार्जचं दुकान आलं, मग मोमोचं, आता काय आहे ते सारखं बदलतं.

पुढच्या वीस वर्षांत मात्र गोष्टीत थोडा फरक पडला. कॉलेजात मी मित्रांना सांगितलं की हा गेम आम्ही जवळजवळ संपवला होता. ऑफिसात सांगताना 'जवळजवळ' गळालं. लग्नाआधी बायकोने आवडीनिवडी विचारल्या, तेव्हा 'आम्ही'चं 'मी' झालं. मुलाला सांगितलं तेव्हा त्यात 'एका बैठकीत' वाढलं.

मुलगा तेरा वर्षांचा. याच मालिकेचा २०१९ साली आलेला पाचवा भाग तो खेळलाय. त्यातला हिरो दाढी वाढलेला, पन्नाशीकडे झुकलेला, बिल न भरल्याने वीज तोडलेल्या घरात पिझ्झा खाणारा गृहस्थ आहे. मुलगा एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघून म्हणाला, "बाबा, हा तुमच्या बॅचचा ना?"

तर गेल्या जूनमध्ये आईच्या खारदांड्याच्या खोलीचं छत गळायला लागलं. कारागिरावर नजर ठेवायला मी चार दिवस रजा काढून तिथे राहायला गेलो. शाळा उघडायला अवकाश होता, म्हणून मुलगा आला, आणि तो आला म्हणून त्याचं मशीन आलं. पहिल्या तीन भागांचा एक जुडगा २०१८ मध्ये नव्या मशिनांसाठी निघालाय, तो सेलमध्ये अगदी किरकोळ किमतीला मिळत होता. मी घेतला. म्हटलं, चिरंजीव, बसा. बाप काय चीज आहे ते बघा.

पहिला धक्का कोटाचा. लालभडक. माझं मन ते मान्य करेना. शेवाळी रंगात त्याला एक भारदस्तपणा होता. दुसरा धक्का, चित्रं साफसूफ करून मोठ्या टीव्हीसाठी रुंद केलीत, पण मेनू उघडला की तो अजूनही जुन्या चौकोनी टीव्हीच्या मापाचा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. बिल्डिंगला बाहेरून रंग आणि जिन्यात तेच जुनं वायरिंग. तिसरा धक्का म्हणजे आवाज. वीस वर्षांनी पहिल्यांदाच मी ती माणसं बोलताना ऐकली. बोंबीलच्या संवादलेखनाची सर त्याला नव्हती. शेवटाकडे एक दुःखाचा प्रसंग आहे, गोरी बाई पडलेली असते आणि हिरो तिच्यासाठी आक्रोश करतो. पार्लरमध्ये आम्ही तिथपर्यंत पोचलोच नव्हतो. आता मुलाने तो यूट्यूबवर आवाजासकट दाखवला. हिरोचा गळा ऐन मोक्याला असा चिरकतो की मुलाने तोंडावर उशी धरली. म्हणाला, जगभर लोक फक्त हे ऐकून हसायला हा प्रसंग लावतात.

आणि चौथा धक्का कॅमेऱ्याचा. या गेममध्ये कॅमेरा आपल्या हातात नसतो. प्रत्येक खोलीत तो कुठेतरी उंच कोपऱ्यात बसलेला असतो आणि आपण चार पावलं टाकली की उडी मारून दुसऱ्या कोपऱ्यात जातो. आपण जिकडे पळत असतो ती दिशाच उलटी होते. एका दारातून मी आत गेलो, कॅमेरा फिरला, मी सरळच चाललो होतो आणि परत त्याच दारातून बाहेर आलो. असं सहा वेळा झालं.

आई तांदूळ निवडत बसली होती. तिने चष्म्यावरून बघितलं. "चकवो लागलो हा तेका," ती म्हणाली. "जरा खाली बस म्हणान सांग. वायच थांबलो की सुटतलो."

जगभरच्या समीक्षकांनी त्या कॅमेऱ्यावर बरंच लिहिलंय. इतकं नेमकं निदान कुणी केलेलं नाही.

आईचं वय शहात्तर. २००५ मध्ये तिने मला त्या पार्लरमधून दोनदा कानाला धरून बाहेर काढलं होतं, पण आत काय चालतं ते कधी पाहिलं नव्हतं. आता तिने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. "ह्यो कोण?"

मुलगा म्हणाला, "दान्ते."

"दाते? पंचांगवाले?"

सोलापूरचं दाते पंचांग आमच्या घरात खिळ्याला टांगलेलं असतं. तिथपासून सुरुवात होणं साहजिकच होतं. नंतर चारही दिवस ती त्याला 'दात्यांचो झील' असंच म्हणत राहिली. आणि हा दात्यांचा मुलगा असूनही मुहूर्त न बघता परक्या वाड्यात शिरतो, हे तिला शेवटपर्यंत झेपलं नाही. "नारळ ठेवल्यान नाय, गाऱ्हाणा घातल्यान नाय, आणि सरळ आत घुसलो. मगे भुता धरतली नाय तर काय करतली?" मी सांगायचा प्रयत्न केला की ही पाश्चात्त्य भुतं आहेत, त्यांना गाऱ्हाणं कळत नाही. तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी मी लहानपणी ताटात मासा टाकल्यावर बघायची. तिच्या अनुभवातली भुतं शिस्तीची. देवचाराला विडी-नारळ पोचला की तो राखण करतो; मुंजाला त्याचा पिंपळ सोडला की बास; गिऱ्हा पाण्याशी गेलात तरच, उगाच घरी येत नाही. इथे एक ना धड, कुणाचा कुणाला पत्ता नाही, नुसती हाणामारी. फक्त एक गोष्ट तिला आवडली. गेममध्ये मधूनमधून एका देवीसारखी मूर्ती असते. तिला लाल मणी वाहिले की ती नवी विद्या देते, जीव वाढवून देते. "हां," आई म्हणाली, "नवस. ह्या बरां आसा."

दान्तेवरून आठवलं. हिरोचं नाव ज्या इटालियन कवीवरून घेतलंय, त्या दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'चं फार जुनं हस्तलिखित आपल्या मुंबईत आहे, फोर्टात एशियाटिक सोसायटीच्या टाऊन हॉलमध्ये. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने ते सोसायटीला दिलं. मुसोलिनीने त्यासाठी दहा लाख पौंड देऊ केले होते आणि सोसायटीने नाही म्हटलं, अशी गोष्ट सांगतात. म्हणजे दान्ते मुंबईला पहिल्यांदा आला तो काही शेठच्या झेरॉक्स वेष्टणातून नव्हे. हे मी मुलाला मोठ्या उत्साहाने सांगितलं, तर तो म्हणाला, "बाबा, मागे बघा," आणि मागून एका कळसूत्री बाहुलीने माझ्यावर वार केला.

ही माहिती मला आता भरपूर आहे, त्याचं कारण एकच. मेलं की मध्ये वेळ मिळतो. तिसऱ्या मिशनला, चर्चमध्ये, चिंबोरीपाशी, मी इतक्यांदा मेलो की माझं वाचन वाढलं. हा गेम मुळात 'रेझिडेंट ईव्हिल' या झोंबींच्या मालिकेचा चौथा भाग म्हणून सुरू झाला होता. हिदेकी कामिया हा दिग्दर्शक. त्या मालिकेचा १९९८ चा दुसरा भाग त्यानेच केलेला. टीमने ब्रिटन आणि स्पेनमध्ये अकरा दिवस फिरून चर्चं, पुतळे, विटा, फरशा यांचे फोटो काढले. सगळं भीती दाखवायच्या इराद्याने. पण यांचा हिरो इतका आगाऊ निघाला की त्याला कशाचीच भीती वाटेना, आणि हिरोच घाबरत नाही तर झोंबींनी करायचं काय? शेवटी हे पोर त्या घरात नांदणार नाही असं ठरलं आणि त्याचा वेगळा संसार थाटून दिला. शत्रूला तलवारीने हवेत उडवायचं आणि गोळ्या मारत मारत वरच्या वर झेलत ठेवायचं, हा गेमचा सगळ्यांत गाजलेला डाव. त्याची कल्पना कॅपकॉमच्याच 'ओनिमुशा' गेममधल्या एका चुकीवरून आली. शत्रू चुकून हवेतच लटकत राहायचे. तिकडे ती दुरुस्त करायची चूक, इकडे तोच धंदा.

हा डाव मला २००५ मध्ये पाण्यासारखा यायचा. मला स्वच्छ आठवतं. एक बटण दाबत राहायचं, की हिरो कोलांट्या मारत, शत्रूला उडवत, झेलत, गिरक्या घेत सगळं आपोआप करायचा. आता तेच बटण दाबलं तर तो कणीक मळतोय तशी तलवार वर-खाली करत होता. मुलगा म्हणाला, उडवायला काडी मागे खेचून बटण, शिवाय लक्ष्य धरून ठेवायचं बटण वेगळं. मी म्हटलं, आमच्या वेळी असं काही नव्हतं. तो म्हणाला, बाबा, हा तुमच्याच वेळचा गेम आहे.

रात्री साडेबाराला दोघं झोपल्यावर मी एकटाच बसलो. आवाज शेठसारखा शून्यावर. पुन्हा मेलो. कितवा मृत्यू ते मोजणं सोडलं होतं. गेमने तर पहिल्याच रात्री मला एक निरोप देऊन ठेवला होता: तुमच्यासाठी 'ईझी ऑटोमॅटिक' नावाची सोय उपलब्ध आहे. सुरुवातीलाच जो वारंवार मरतो, त्याला ती मिळते. मुलगा शेजारी असताना मी तो निरोप न वाचल्यासारखा पुढे सारला होता. बँकेत 'ज्येष्ठ नागरिकांसाठी' लिहिलेल्या खिडकीकडे पहिल्यांदा बघावं, तसं बघितलं आणि अंधारात हळूच होय म्हटलं.

आणि माझे हात सतरा वर्षांचे झाले. एक बटण. नुसतं एक बटण दाबत राहिलो आणि दात्यांचा मुलगा कोलांट्या मारत, उडवत, झेलत, गिरक्या घेत निघाला. तेच सगळं, जसंच्या तसं. मला अंगठ्याखाली सायकलच्या व्हॉल्व्हची नळी जाणवली. बोंबलाचा वास आला. (तो खरा होता, आईने माळ्यावर ठेवलेत.) मी अगदी आनंदाने पाच मिनिटं खेळलो, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आणि तो फार काही सुखाचा नव्हता.

सकाळी बोंबीलला फोन केला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे तो घरीच होता. संध्याकाळी आला. बोंबीलची आता स्वतःची होडी आहे, तिच्यावर मासे कुठे आहेत ते दाखवणारं यंत्र आहे, आणि त्याचा स्वतःचा गेल्या काही वर्षांत हलवा झालाय, शिऱ्यासारखा नव्हे, माशासारखा रुंद. समुद्रात आता वांद्रे-वर्सोवा पुलाचे खांब उभे राहतायत, त्यांच्यामधून होड्या कशा काढायच्या या विषयावर तो दाराबाहेर चप्पल काढतानाच सुरू झाला. दहा मिनिटांनी मी त्याला मध्येच तोडून विचारलं, "पार्लरमध्ये आपण सोप्या मोडवर खेळायचो?"

"हो मग."

"तुला माहीत होतं?"

"शेठनेच लावलं होतं. पोरं चार-चार बटणं दाबायची, रिमोट तुटायचे. एकाच बटणावर चालतंय म्हटल्यावर त्याने तेच ठेवलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

बोंबीलने आईने पुढे ठेवलेला चहा बशीत ओतला. "अरे, दहा रुपये तू देत होतास. तुला कशाला सांगायचं?"

मुलगा हे सगळं टिपून घेत होता. बाप एकविसाव्या मिशनपर्यंतच गेला होता, तोही सोप्या मोडवर, तोही दुसऱ्याच्या हाताने. एकेक विशेषण गळत गेलं. पण बोंबीलची गोष्ट ऐकल्यावर त्याने मोबाइल काढून मूळ कथानक वाचून दाखवलं, आणि आता चकित व्हायची पाळी त्याची होती. चिलखतातला गडी हा हिरोचा जुळा भाऊ. आईच्या गळ्यातल्याचे दोन भाग, एकेक दोघांकडे. बापाच्या तलवारीचं खरं रूप ते दोन्ही भाग एकत्र आल्याशिवाय उघड होत नाही. गोरी बाई तीन डोळेवाल्यानेच पाठवलेली. थोडक्यात, वडिलोपार्जित मालमत्ता आणि वारसांची सही. बोंबीलचा फक्त टॉवर चुकला होता.

"टॉवरपण आहे," मुलगा म्हणाला. "तिसऱ्या भागात."

बोंबीलने मांडी घातली आणि कंट्रोलर घेतला. "अर्धा तास झाला की सांग," तो म्हणाला, कुणाला कोण जाणे. मुलाने मुद्दाम नॉर्मल मोड लावून दिला. जाळी शिवून त्याच्या बोटांना घट्टे पडलेत, अंगठा बटणावर मावत नव्हता. दोन-तीन वेळा मेला, पण माझ्यासारखा चिडून नाही. नुसता बघत होता, चिंबोरी कुठून वळते, किती वेळाने थुंकते. मग म्हणाला, "समोरून काय जातोस चिंबोरीला? समोरून गेलास तर बोट जाणार." तो उडी मारून तिच्या पाठीवर चढला, तलवारीने दोन वार केले आणि खाली उतरून बाजूला झाला. परत चढला. घाई नाही. मुलगा मोबाइल ठेवून पुढे सरकला. त्याच्या ऑनलाइन तज्ज्ञांनी बहुधा हेच सांगितलं असणार, पण त्यांच्यापैकी कुणी चिंबोऱ्या विकल्या नसाव्यात.

"अवसेक भरलेली गावतत," आई मध्येच म्हणाली. तिने तांदळाचं सूप कधीच आत नेऊन ठेवलं होतं आणि आता ती चक्क आमच्यात बसली होती. "आता पुनव जवळ इली. ही पोकळ आसतली. मरात."

चिंबोरीचा जीव बोटभर उरला होता. बोंबीलचाही तेवढाच. आम्ही कुणी बोलत नव्हतो. बाहेर पाऊस, वर कारागिराने लावलेली ताडपत्री फडफडत होती. तेवढ्यात आई उठली आणि तिने पुढे होऊन टीव्हीसमोर पदर पसरल्यासारखी उभी राहून सांगितलं, "तिनसांज झाली. देवाक दिवो लावतंय. तोपर्यंत भुता नको."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मुलाने पॉज दाबलं. दात्यांचा मुलगा आणि चिंबोरी एकमेकांसमोर तसेच थबकले. आईने दिवा लावला, उदबत्ती ओवाळली, आणि देव्हाऱ्यापासून परत येताना तीच उदबत्ती टीव्हीसमोरूनही एकदा फिरवली. बोंबीलने नकळत हात जोडले. मग ती पलंगावर नीट बसली, पाय वर घेतले.

"लाव आता. कुर्ली मरता काय बघूया."

"चिंबोरी, मावशी," बोंबील पडद्यावरची नजर काढून तिच्याकडे वळून म्हणाला, आणि तेवढ्यात चिंबोरीने त्याला तुडवलं.